पाकीट उलटं करून वाचा: खाद्यपदार्थ आणि सप्लिमेंटचं लेबल

पाकिटाची पुढची बाजू विकणाऱ्याची असते. कायद्याने जे सांगावंच लागतं ते मागे, बारीक अक्षरांत छापलेलं असतं. त्यामुळे वाचायला सुरुवात मागूनच करा, आणि तीही दुकानात उभं असतानाच.

आधी घटकांची यादी बघा. ज्याचं वजन सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं, असा तिचा उतरता क्रम असतो. 'नाचणी बिस्किटा'च्या यादीत मैदा पहिला असेल तर ते मैद्याचं बिस्किट. नाव किंवा चित्र लावून नाचणी पुढे मिरवली असेल, तर तिचं प्रमाण टक्क्यांत देणं बंधनकारक आहे. तो आकडा शोधाच, बऱ्याचदा तो एक अंकी निघतो.

साखर मात्र अनेक नावांनी येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, मध, गूळ. वेगवेगळी लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि एकूण गोडवा डोळ्यांत भरत नाही. म्हणून पोषणाच्या तक्त्यातली 'अ‍ॅडेड शुगर' ही ओळ पाहा, तिथे बेरीज सापडते. मधुमेह असलेल्यांनी यादीत माल्टोडेक्स्ट्रिनही (स्टार्चपासून बनवलेली पावडर) शोधावं. ते साखरेच्या आकड्यात सहसा दिसत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. 'शुगर फ्री'चा अर्थ एवढाच की १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मैदा आणि तेल किती, हे त्यातून कळत नाही.

तक्त्यात दोन हिशेब असतात. दोन कंपन्यांच्या मालाची तुलना करायची तर १०० ग्रॅमचा रकाना वापरा. आपल्या पोटात किती गेलं हे मोजायचं तर 'सर्व्हिंग'चं, म्हणजे कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाट्याचं, वजन बघा, कारण फसगत तिथेच होते. समजा फरसाणाचं पाकीट १५० ग्रॅमचं आहे, सर्व्हिंग ३० ग्रॅमची आणि १०० ग्रॅममध्ये सोडियम ८०० मिलिग्रॅम. एका सर्व्हिंगला २४० मिलिग्रॅम, आकडा साधा वाटतो. पण चहाबरोबर दोघांनी अख्खं पाकीट संपवलं की १२०० मिलिग्रॅम सोडियम झालं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: ३ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी दीड. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. लेबलावरचे दिवसाच्या गरजेचे टक्केही २००० किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात, लहान मुलांना ते लागू धरू नका.

तारखेत 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटून गेली तर पदार्थ टाकून द्या. 'बेस्ट बिफोर' चव आणि कुरकुरीतपणाबद्दल असते. दोन्ही तारखा बंद पाकिटासाठी असतात. पीठ, मसाला डब्यात ओतताना तारखेचा तुकडा कापून डब्यात ठेवा, नाहीतर महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. शेंगदाणे, दूध, सोया किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर यादीखालची वेगळी ओळ वाचा. 'मे कंटेन' म्हणजे त्याच कारखान्यात तो पदार्थही हाताळला जातो.

आता सप्लिमेंट. इथे आधी ओळखायचं की हे अन्न आहे की औषध. हेल्थ सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना हवी. आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा असतो. सप्लिमेंटच्याच डब्यावर मधुमेह किंवा सांधेदुखी बरी करण्याचा दावा असेल, तर तो बेकायदेशीर आहे. असा डबा घेऊच नका.

मात्रेचा घोळ सर्वांत जास्त कॅल्शियमच्या गोळीत होतो. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, बाकीचं वजन कार्बोनेटचं. कॅल्शियम सायट्रेटच्या गोळीत तर साधारण २१ टक्केच. 'एलिमेंटल' शब्दासमोरचा आकडा खरा. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. डी जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू (इंटरनॅशनल युनिट, जीवनसत्त्वं मोजायचं एकक). मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि दुधात घालायची पावडर, तिन्हींत डी असेल तर तिन्ही आकड्यांची बेरीज करा.

प्रोटीन पावडरीत स्कूपचं, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्याचं, वजन बघा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिनं म्हणजे सुमारे ७३ टक्के. ४५ ग्रॅमच्या स्कूपमध्ये तेवढीच असतील तर ५३. यादीत ग्लायसीन, टॉरिन ही अमिनो आम्लं वेगळी घातलेली दिसली तर सावध व्हा. प्रथिनं नायट्रोजनवरून मोजतात आणि यांच्यातही नायट्रोजन असतो, त्यामुळे आकडा फुगतो. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचं स्वतःचं मिश्रण) लिहून फक्त एकूण वजन दिलेला डबा दुकानात परत ठेवा, कशात किती आहे ते कळायचा मार्गच नसतो. शाकाहारी लोकांनी कॅप्सूलचं कवचही बघावं. जिलेटिन प्राणिजन्य असतं, त्यावर मांसाहाराची खूण, तपकिरी त्रिकोण, हवा.

केसांसाठी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त तपासणीपूर्वी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकू शकतात. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर के जीवनसत्त्व असलेला डबा आधी डॉक्टरांना दाखवा.

माल खराब निघाला तर बॅच क्रमांक, तारीख आणि परवाना क्रमांक यांचे फोटो काढा, बिल आणि उरलेला माल जपून ठेवा, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बॅच क्रमांक नसेल तर तक्रार नेमक्या मालापर्यंत पोहोचवणं अवघड जातं.