कोकणातलं घर रोखीच्या पार्टीला विकताय? या चुका टाळा

गणपतीत सगळे भाऊ गावाला जमतात, हे घरं विकत घेणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. मग गावातलाच कुणी ओळखीचा माणूस ओटीवर येऊन बसतो. "मुंबईची पार्टी आहे, कर्जाची भानगड नाही, पैसे तयार आहेत. सगळे इथेच आहात तर सह्या उरकून टाका." दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला, बोलणं सगळीकडे हेच. २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची बोलणी आहेतच. किनाऱ्याजवळच्या बंद घरांना गिऱ्हाईक वाढलंय. त्यातले बरेच जण सरळ असतात. पण सरळ कोण आणि लबाड कोण, हे ओळखायचं काम अशा व्यवहारात विकणाऱ्यालाच करावं लागतं.

कारण असं की कर्ज काढून घेणाऱ्याच्या मागे बँक उभी असते. बँकेचा वकील जुने दस्त तपासतो, मूल्यांकन करणारा येऊन घर बघतो आणि पैसे थेट बँकेकडून येतात. बिनकर्जाच्या व्यवहारात मध्ये कुणीच नसतं. "धोका त्याचा, पैसे तो देतोय," असं आपल्याला वाटतं, पण ते खरं नाही. खरेदीखत नोंदलं गेलं की मालकी गेली. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात किंमत दिलेली असली तरी चालते आणि द्यायची कबूल केलेली असली तरी चालते. बाकी पैसे आले नाहीत म्हणून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही, पैसे वसूल करण्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणून सगळी तपासणी त्या सहीच्या आधी.

नोटांना हो म्हणणे

कर्ज न काढता स्वतःच्या खात्यातून आरटीजीएसने पैसे देणारा माणूस चांगलाच. पण "दस्तात तीस दाखवू, वरचे वीस हातात देतो" असं कुणी म्हणाला, तर मी त्या माणसाशी पुढे बोलूच नये असं सांगेन.

१ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या विक्रीपोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, मग तो विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम असो, शेवटचा हप्ता असो, व्यवहार पूर्ण होवो न होवो. दंड घेतलेल्या रकमेइतकाच, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. (दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि कर लागत नसेल तर सूट आहे, मुंबईच्या पार्टीच्या बाबतीत ती मिळणं कठीण.) शिवाय वरचे वीस आलेच नाहीत तर मागायचे कशाच्या जोरावर? कागदावर घर तीस लाखांना गेलेलं असतं. कोर्टात जाऊन रोखीचं बोललात, तर दोन लाख व त्यावरच्या रोखीचा उल्लेख असलेल्या दाव्यांची माहिती कोर्टाने आयकर खात्याला कळवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२५ चा आदेश आहे.

कराची भीती हे नोटा घेण्यामागचं मोठं कारण असतं आणि बरेचदा ती वाजवीपेक्षा जास्त असते. जुन्या घरावरचा भांडवली नफा २३ जुलै २०२४ पासून साधारणपणे साडेबारा टक्क्यांनी करपात्र आहे. आजोबांनी बांधलेलं घर असेल, तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्या पैशातून मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं तर सवलत मिळते. आधी सीएकडे बसून हा आकडा काढून घ्या. तो समोर असला की "वरचे हातात" या बोलण्याची भुरळ पडत नाही. दस्तातली किंमत सरकारी मूल्यदरापेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेली, तर आयकर खातं सरकारी मूल्यच तुमची विक्री किंमत धरतं, हेही लक्षात असू द्या.

घेणारा कोण ते न विचारणे

एजंटच्या तोंडून "शेटजी" एवढंच ऐकून घर विकलं जातं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. दस्तावर नाव कुणाचं येणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. पॅन आणि आधारची प्रत मागा. कंपनीच्या नावाने घेत असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं दिसतात. त्याने आधी कोकणात कुठे जागा घेतली ते विचारा आणि दस्त क्रमांक मागा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, पाहता येते. मग त्या गावी जाऊन विकणाऱ्याला भेटा. पैसे वेळेत आले का, दस्ताच्या दिवशी भाव पाडला का, एवढे दोन प्रश्न पुरतात. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने जिल्ह्यात दावे चालू आहेत का, हेही बघता येतं.

पैसे आहेत याचा पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ठेवीचा फोटो धरू नका. त्याच्या बँकेचं पत्र मागा. विसाराची रक्कम त्याच्याच खात्यातून येऊ द्या आणि पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव वाचा. मेव्हण्याच्या, ड्रायव्हरच्या, तिसऱ्याच फर्मच्या खात्यातून पैसे येत असतील तर परत पाठवा.

व्यवहार पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विक्रेता परदेशी स्थायिक असेल तर नियम वेगळे आहेत. हा विषय जो स्वतःहून काढतो, त्याने आधी कागदोपत्री व्यवहार केलेले असतात, असा माझा अंदाज बहुधा खरा ठरतो.

थोडक्या टोकनवर साठेखत करून देणे

कोकणात सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. माणूस येतो, भाव मान्य करतो, एक्कावन्न हजार देतो आणि अकरा महिन्यांच्या मुदतीचं साठेखत, म्हणजे पुढे घर विकण्याचा लेखी करार, करून घेतो. मजकुरात कुठेतरी ओळ असते: 'लिहून घेणार किंवा ते सांगतील ती व्यक्ती'. त्याला घर घ्यायचंच नसतं. तुमचा कागद घेऊन तो पुण्या-मुंबईत फिरतो आणि दीडपट-दुपटीने गिऱ्हाईक शोधतो. मिळालं तर मधला फरक त्याचा. नाही मिळालं तर तो फोन उचलत नाही, आणि साठेखत नोंदलेलं असेल तर ते सूची दोनमध्ये दिसत राहतं. दुसरं गिऱ्हाईक सर्चमध्ये ते पाहून मागे फिरतं.

"मुदत संपली की आपोआप रद्द" असं लिहिलं की झालं, हा गैरसमज आहे. नोंदलेलं साठेखत काढायला दोघांच्या सहीचा रद्दलेख नोंदवावा लागतो. सही करायला तो पैसे मागतो. शिवाय खरेदीखत करून मिळावं म्हणून ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत त्याला दावा लावता येतो.

म्हणून साठेखत करायचंच असेल तर मुदत साठ-नव्वद दिवसांची ठेवा. विसार किमान दहा टक्के आणि बँकेतून. 'सांगतील ती व्यक्ती' ही ओळ खोडायला लावा. मुदतीत पैसे न आल्यास तो रद्दलेखावर सही करून देईल, अशी अट घाला आणि मसुदा स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. एजंटने आणलेला वकील त्याचाच असतो. खरंच घर घ्यायचं असलेला माणूस या अटींवर कुरकुर करेल, पण पळून जाणार नाही.

पावसाआधी चावी देणे

मे महिन्यात फोन येतो: "कौलं शाकारून घेतो, नाहीतर या पावसात वासे जातील. चावी शेजाऱ्याकडे ठेवा." मागणी रास्त वाटते. पण त्याची माणसं आत शिरली, त्याचं कुलूप लागलं, परड्यातला फणस तुटला, की ताबा त्याचा होतो आणि उरलेल्या पैशांची घाई संपते. साठेखत आणि ताबा दोन्ही हातात असलेल्या माणसाला बाहेर काढणं फार अवघड असतं. शाकारणी आपल्या खर्चाने करून घ्या. पूर्ण पैसे खात्यात येईपर्यंत चावी नाही.

"सीआरझेडमुळे पुढच्या वर्षी भाव पडणार" किंवा "रस्त्यात जाणार आहे" ही घाईदेखील त्यातलीच. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर सरकारी निर्बंध असलेलं क्षेत्र. त्याच्या मर्यादा आणि रस्त्याची आखणी सरकारी नकाशात असते. एजंटच्या शब्दावर न जाता तो नकाशा बघा.

एकाच भावाने हिस्सा विकणे

सातबारावर किंवा घरपट्टीच्या उताऱ्यावर पाच नावं, आणि घेणारा म्हणतो, "तुमच्या एकट्याचा हिस्सा द्या, बाकीच्यांचं मी बघतो." त्याला तुमची एक खोली नको असते, त्याला घरात पाय ठेवायला जागा हवी असते. मग वाटपाचा दावा लावून उरलेल्यांना कमी भावात विकायला लावता येतं. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात असा परका हिस्सेदार एकत्र ताबा मागू शकत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याने घरच्यांना त्याचा हिस्सा विकत घेता येतो. हे भाऊबंदांना वेळीच कळलं तर घर वाचतं. बहिणींना विसरू नका. त्यांचा हक्क भावांइतकाच आहे. "बहिणींची सही नको, मी सांभाळून घेतो" म्हणणारा घेणारा उद्या तुमच्याच घरात भांडण लावून भाव पाडणार, असं धरून चाला.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. घर आगरात, म्हणजे शेतजमिनीवर असेल तर घेणारा शेतकरी आहे का ते पाहा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकणं कूळकायद्याने बेकायदा आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला किंवा त्याच्या नावाचा सातबारा हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मुंबईतल्या वयस्कर काकांची धावपळ नको म्हणून घेणाऱ्याच्याच माणसाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. निव्वळ मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय, पण ते पत्र वापरून तुमच्या गैरहजेरीत खरेदीखत नक्कीच करता येतं.

दस्ताच्या दिवशी

दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा देण्याआधी पैसे खात्यात हवेत. त्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट नको, एसएमएस नको, स्वतःच्या खात्यातली शिल्लक बघा. डीडी असेल तर ज्या शाखेने काढला तिथे फोन करून खात्री करा. पुढच्या तारखांचे चेक अजिबात नकोत. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, तरी मोठ्या रकमेसाठी बरेचदा शाखेत जावं लागतं, म्हणून नोंदणीची वेळ बँक उघडी असेल अशीच घ्या. व्यवहाराचे यूटीआर क्रमांक, म्हणजे पैसे पाठवल्यावर बँक देते ते क्रमांक, दस्तात लिहून घ्या.

आधीच अडकला असाल तर

टोकन घेतलंय आणि माणूस गायब आहे: ठरलेली मुदत संपताच वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस पाठवा, पैसे भरून खरेदीखत करायला ठरावीक दिवस द्या. ते टोकन खर्च करू नका, रद्दलेखाच्या वेळी परत करावं लागू शकतं.

चेक परत आला: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, त्यानंतर एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. "दोन दिवसांत टाकतो" यात ते तीस दिवस निघून जातात, हेच त्याला हवं असतं.

दस्त झाला, पैसे अर्धेच आले: फेरफाराच्या, म्हणजे सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलण्याच्या, नोटिशीनंतर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकतीने मालकी परत येत नाही, पण नोंद वादग्रस्त म्हणून थांबते आणि त्याला पुढे विकणं जड जातं. त्याच आठवड्यात वसुलीच्या दाव्यासाठी वकील गाठा. न भरलेल्या किमतीपोटी त्या मालमत्तेवर विक्रेत्याचा बोजा राहतो, तो दाव्यात मागायला सांगा. घर आईच्या किंवा आजीच्या नावावर असेल, तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे तिच्या नावाने अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे वकील मोफत मिळतो.