गाठ एकीकडे, लक्षणे दुसरीकडे: कर्करोगाच्या अप्रत्यक्ष खुणा कशा ओळखाव्यात आणि डॉक्टरांपुढे कशा मांडाव्यात

गाठ फुप्फुसात असते, पण रुग्ण दवाखान्यात येतो तो जिना चढवत नाही म्हणून, किंवा घरचे त्याला घेऊन येतात ते दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतो म्हणून. अशा वेळी कर्करोग पायात किंवा मेंदूत पसरलेला असतोच असे नाही. गाठीने रक्तात सोडलेल्या द्रव्यांमुळे, अथवा गाठीशी लढताना शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींवर हल्ला केल्यामुळे, दूरच्या अवयवांत लक्षणे उमटू शकतात. त्यांना वैद्यकात पॅरानिओप्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. काही वेळा, विशेषतः मज्जासंस्थेच्या बाबतीत, ही लक्षणे गाठ सापडण्यापूर्वी कित्येक महिने आधी सुरू झालेली असतात.

पुढे वर्णन केलेले प्रत्येक लक्षण बहुतेक वेळा अगदी साध्या कारणाने होते, हे आधीच लक्षात घ्यावे. एकटे लक्षण पाहून घाबरू नये. ते नवीन आहे का, हळूहळू वाढते आहे का, नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही का, आणि त्याच सुमारास शरीरात आणखी काही बिघडले आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. माझ्या मते चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण बद्धकोष्ठासाठी एक डॉक्टर, विस्मरणासाठी दुसरे आणि सांधेदुखीसाठी तिसरे, अशी वाटणी झाली की सगळे चित्र कोणाच्याच नजरेसमोर येत नाही.

रक्ततपासणीत सर्वांत आधी सोडिअम आणि कॅल्शिअम पाहावे. फुप्फुसाच्या स्मॉल सेल (लहान पेशींच्या) कर्करोगाच्या पेशी कधी कधी मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावणारे संप्रेरक तयार करतात. मग शरीरात पाणी साठते आणि रक्तातील सोडिअम विरळ होते. त्याचे नेहमीचे प्रमाण लिटरमागे 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असते. ते उतरू लागले की मळमळ, डोकेदुखी, गुंगी, गोंधळलेपण दिसते आणि फार खाली गेले तर झटके येतात. सोडिअम कमी आहे असे कळताच घरच्या घरी मीठ वाढवून देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. येथे पाणी जास्त झालेले असल्याने अनेकदा पाण्यावरच मर्यादा घालावी लागते, आणि सोडिअम फार वेगाने वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही सोडिअम उतरते, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी.

कॅल्शिअमचे वागणे याच्या उलट असते. काही गाठी, विशेषतः फुप्फुसाच्या किंवा डोके व मानेच्या स्क्वॅमस सेल (चपट्या पेशींच्या) प्रकारच्या, पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे एक प्रथिन सोडतात. त्यामुळे हाडांतले कॅल्शिअम रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे ते बाहेर जाऊ देत नाहीत. रुग्णाला सतत तहान लागते, लघवी वारंवार होते, पोट साफ होत नाही, अन्नावरची वासना जाते आणि तो सुस्त होत जातो. मधुमेह असेल असे वाटून साखर तपासली जाते, ती बरोबर निघते आणि विषय तिथेच थांबतो. तो थांबू देऊ नये, कॅल्शिअमही तपासायला सांगावे. त्याचे नेहमीचे प्रमाण डेसिलिटरमागे साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम असते आणि 14 च्या वर गेले तर ती तातडीची अवस्था असते. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन कमी असेल तर कॅल्शिअमचा साधा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो, म्हणून अल्ब्युमिनही पाहिले का, हे विचारावे. स्वतःहून घेतलेल्या कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना जरूर सांगाव्यात.

प्रतिकारशक्तीमुळे होणारी लक्षणे संख्येने कमी, पण ओळखायला अधिक अवघड असतात. लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम हे त्याचे ठळक उदाहरण आहे. स्मॉल सेल कर्करोगाच्या पेशींवर कॅल्शिअमच्या ज्या वाहिन्या असतात, तशाच वाहिन्या नसांच्या टोकांवरही असतात. गाठीविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये दोहोंवर तुटून पडतात आणि स्नायूंना मिळणारा संदेश क्षीण होतो. रुग्णाला हात न टेकता खुर्चीतून उठता येत नाही, मांड्या जड वाटतात आणि तोंड कोरडे पडते. विशेष म्हणजे काही सेकंद जोर लावल्यावर शक्ती थोडा वेळ वाढते. हे सगळे रुग्णाने आपणहून सांगितले तर निदान बरेच सोपे होते. हा आजार झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत कर्करोग आढळतो. तोल जाणे आणि जीभ अडखळणे काही आठवड्यांत वाढत गेले, किंवा तरुण स्त्रीच्या वागण्यात अचानक विचित्र बदल होऊन झटके येऊ लागले, तर मेंदूतज्ज्ञांकडे लगेच जावे. पहिल्या प्रकारामागे स्तन किंवा अंडाशयाचा कर्करोग असू शकतो, तर दुसऱ्यामागे अंडाशयातील टेराटोमा नावाची गाठ, जी बहुधा कर्करोगाची नसते.

नखांची एक तपासणी घरी करता येते. दोन्ही हातांची तर्जनी पहिल्या सांध्यात वाकवून नखे एकमेकांना पाठीकडून चिकटवावीत आणि उजेडासमोर धरावीत. नखांच्या मुळाशी चौकटीच्या आकाराची लहानशी फट दिसली पाहिजे. ती नाहीशी होऊन बोटांची टोके फुगीर झाली असतील तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. फुप्फुसाचे जुने आजार, हृदयाचे काही विकार आणि यकृताचे आजार यांतही असेच घडते, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे आणि सोबत खांदे-मांड्यांत अशक्तपणा असेल, तर ते डर्मटोमायोसायटिस, म्हणजे त्वचा आणि स्नायूंचा दाह, असू शकते. प्रौढ वयात त्याचे निदान झाले की कर्करोगाचा शोध घेणे हा उपचाराचाच भाग असतो.

पायातील शिरेत विनाकारण गुठळी होणे, किंवा त्वचेलगतच्या शिरांना आलेली सूज एका जागेहून दुसरीकडे सरकत राहणे, ही खूण फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्ये वर्णन केली होती. पुढे स्वतःच्या शरीरावर तीच खूण दिसताच त्यांनी आपल्या पोटातील कर्करोग ओळखला आणि 1867 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एका पायाला अचानक सूज व दुखणे आले तर त्याच दिवशी दाखवावे, आणि दम लागला तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

डॉक्टरांकडे जाताना एकाच कागदावर तारखांनिशी लिहावे: कोणते लक्षण कधी सुरू झाले, आधी काय करता येत होते आणि आता काय येत नाही. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्न न करता वजन 5 टक्क्यांहून अधिक घटले असेल तर तो आकडा सर्वांत वर लिहावा. ‘अशक्तपणा वाटतो’ यापेक्षा ‘मार्चमध्ये दोन मजले चढत होतो, आता पहिल्याच पायऱ्यांवर कठड्याला धरावे लागते’ हे वाक्य डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते. तंबाखूचे व्यसन, सुटलेले असले तरी, लपवू नये.

कर्करोगाचे उपचार आधीच चालू असतील तर प्रत्येक नवी सुस्ती केमोथेरपीच्या नावावर खपवू नये, कारण सोडिअम-कॅल्शिअमची साधी तपासणी अनेकदा उपचार करता येण्याजोगे कारण दाखवून देते. संप्रेरकांमुळे झालेले बिघाड गाठीवर उपचार झाल्यावर बहुधा सुधारतात. नसांच्या पेशी एकदा नष्ट झाल्या तर मात्र त्या परत येत नाहीत, म्हणून मज्जासंस्थेच्या लक्षणांत विलंब परवडत नाही. संशय दाट असूनही पहिल्या स्कॅनमध्ये काहीच सापडले नाही, तरी फाइल बंद करू नये. गाठ तेव्हा स्कॅनमध्ये न दिसण्याइतकी लहान असू शकते, आणि म्हणूनच अशा रुग्णांची तपासणी दर चार ते सहा महिन्यांनी, साधारणपणे दोन वर्षे, पुन्हा केली जाते. पुढची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्यावी.