पोकर टेबलाची रेल किती उंच ठेवावी?

घरी पोकर टेबल करून घेताना कापडाचा रंग ठरवायला आठवडा जातो, आणि रेलची उंची मात्र सुताराकडे त्या दिवशी जो प्लाय असेल त्यावरून ठरते. रेल म्हणजे टेबलाभोवतीची फोम आणि रेक्झिन लावलेली गादीदार कड. चार-पाच तास खेळणाऱ्याचे दोन्ही हात तिच्यावरच टेकलेले असतात. खांदे भरून येणार का आणि वाटलेला पत्ता घसरून मांडीवर पडणार का, हे तीच ठरवते. म्हणून हे माप कागदावर आधी यायला हवं.

रेलला दोन उंच्या असतात. एक जमिनीपासून रेलच्या माथ्यापर्यंतची, जी कोपरासाठी बघायची. दुसरी कापडापासून माथ्यापर्यंतची, ती पत्त्यांसाठी. सुताराला नुसतं ‘दीड इंच रेल’ सांगितलं, तर तो दीड इंच जाडीची कड लावून मोकळा होतो. त्यातली निम्मी उंची खेळाच्या पृष्ठभागाची जाडी खाऊन टाकते.

आधी कोपर मोजा

ज्या खुर्च्या खरोखर वापरणार त्यांच्यावरच बसा. खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. नेहमीच्या मंडळींपैकी सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाचं माप घ्या. रेलचा माथा या मापापेक्षा २ ते ३ इंच वर असला तरी चालतो, कारण हात पुढे टाकला की कोपर आपोआप थोडं उचललं जातं. त्याहून वर गेला की खांदे कानांकडे चढतात. दोन मापांत फार फरक असेल तर बुटक्या माणसाच्या बाजूने झुका, उंच माणसाला तितका त्रास होत नाही. १८ इंची खुर्चीला माथा ३० इंचांवर, म्हणजे ७६२ मिमीवर, साधारण नीट बसतो. सर्रास होणारी चूक म्हणजे ३० इंची डायनिंग टेबलाची उंची कापडाला द्यायची आणि रेल त्याच्या वर चढवायची.

मग कापडापासूनची उंची

२५ ते ३८ मिमी, म्हणजे एक ते दीड इंच, या पट्ट्यातच राहा. २५ च्या खाली गेलात तर जोरात वाटलेला पत्ता फोमच्या गोलाईवर चढून बाहेर जातो. ४० च्या वर गेलात तर मनगट कडेवरून खाली मोडावं लागतं. पोकरमध्ये खेळाडू पत्ते टेबलावरच ठेवून तळहाताच्या आडून कोपरा उचलून बघतो, आणि ती हालचाल उंच रेलवर सतत अवघडते. माथ्याइतकीच रेलची आतली बाजूही महत्त्वाची. कापडालगतचे निदान १२ मिमी सरळ उभे हवेत. तिथूनच उतार सुरू झाला तर पत्त्याला घसरगुंडी मिळते.

थरांची बेरीज

समजा पायाचा प्लाय १८ मिमी आहे. त्यावर मधोमध खेळाचा पृष्ठभाग येतो. १२ मिमी प्लाय, दाबल्यावर ४ मिमी राहणारा पातळ फोम आणि १ मिमी कापड मिळून त्याचे १७ मिमी होतात. भोवती रेल येते. १८ मिमी प्लायची कडी (टेबलाच्या कडेने फिरणारी चौकट), तिच्यावर १२ मिमीची दुसरी कडी, ताणल्यावर २० मिमी उरणारा २५ मिमी फोम आणि १ मिमी रेक्झिन, असे ५१ मिमी. ५१ मधून १७ वजा केले की ३४ मिमी, म्हणजे सुताराच्या भाषेत जवळपास १ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). प्लायच्या कड्या मिळून ३० मिमी उंच, पृष्ठभाग १७ वर, म्हणजे सरळ भिंत १३ मिमी मिळते.

माथा ७६२ वर धरला तर पायाची खालची बाजू ६९३ मिमीवर येते आणि ४५० मिमी उंच खुर्चीवर मांडीला २४३ मिमी जागा उरते. आता टेबलाच्या कडेखाली ७५ मिमीची आडवी पट्टी ठोकली तर १६८ च राहतात, आणि गुडघे आपटायला लागतात. आधार हवाच असेल तर पट्टी कडेपासून फूटभर आत घ्या.

बाजारातला ‘१८ मिमी’ प्लाय मोजल्यावर पुष्कळदा १७ च्या आसपास भरतो. तेव्हा छापील आकड्यावर न जाता आणलेला तुकडा व्हर्नियरने मोजूनच बेरीज करा.

फोमवर कंजुषी नको

उशीसारखा मऊ पीयू फोम लावला तर कोपराखाली तो दबून प्लायला टेकतो. कागदावरचे ३४ मिमी तिथे २० च्या घरात येतात आणि हाडाला लाकूड लागतं. ईव्हीए, म्हणजे रबरासारखा घट्ट फोम, किंवा गाद्यांच्या दुकानात मिळणारा रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून बनवलेला फोम घ्या. फूटभर प्लायच्या तुकड्यावर तो ठेवा, रेक्झिन खऱ्यासारखं ताणून गनने पिना मारा आणि मगच जाडी मोजा. प्लायच्या वरच्या बाहेरच्या कडेला राऊटरने १० ते १२ मिमीची गोलाई द्या, नाहीतर कोपराच्या पुढचा हात कापल्यासारखा दुखतो. पृष्ठभाग आणि रेल यांच्यामध्ये कापड व रेक्झिन मावेल एवढी, साधारण ३ मिमी, फट कापतानाच सोडा. ती कमी पडली तर पृष्ठभाग आत बसत नाही. जास्त झाली तर पत्त्याची कड तिच्यात अडकते.

कापडाभोवती पॉलिश केलेल्या लाकडाचा पट्टा घालणार असाल तर उंची त्या पट्ट्यापासून मोजा. पत्ते लाकडावर कापडापेक्षा वेगाने सरकतात, तेव्हा तिथे ३० मिमीच्या खाली जाऊ नका.

कापण्याआधी एक संध्याकाळ

जेवणाच्या टेबलावर जाड चादर पसरा. कडेला ५ इंच रुंद प्लायचे तुकडे ३० मिमीपर्यंत रचा आणि वर घडी घातलेला टॉवेल ठेवा. चादरीपासून टॉवेलच्या माथ्यापर्यंत ३४ मिमी भरले पाहिजेत, जास्त झाले तर तुकडे कमी करा. टेबलच ३० इंची असल्याने खुर्चीवर दीड इंचाची गादी घाला, म्हणजे कोपराचं नातं बरोबर जुळेल. दोन तास खेळा. टोकाच्या खुर्चीकडे पन्नासेक पत्ते वाटून बघा, एकही बाहेर जाता कामा नये.

तरीही शंका राहिली तर १२ मिमीची कडी चिकटवू नका. रेल खालून बोल्ट आणि टी-नटने (लाकडात ठोकून बसवायच्या नटने) आवळा. पुढे ती कडी काढून १५ मिमीची घातली की उंची ३७ होते. ६ ची घातली की २८, पण तेव्हा सरळ भिंत ७ मिमीच उरते. त्यासाठी रेक्झिन फक्त कडीच्या वरच्या, फोम चिकटवलेल्या प्लायलाच पिनांनी बसवायचं आणि बदलायची कडी सगळ्यात खाली ठेवायची. बोल्ट मात्र त्या मानाने लांब-आखूड लागतील, ते आधीच आणून ठेवा.