नवीन फास्ट गाडी घेतली? पहिल्या मॉडिफिकेशनच्या या चुका टाळा

गाडी घरी आली की आपल्याकडची पोट्टी दोन कामं करतात, एक म्हणजे शेगावले नेऊन नारळ फोडतात आणि दुसरं म्हणजे रात्रभर मोबाईलवर एक्झॉस्टचे व्हिडिओ पाहतात. मीही तेच केलं. नागपूरहून सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आणली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कापसाचे पैसे हातात होते, मंग काय, तीन महिन्यांत जे करायचं नव्हतं ते सगळं करून मोकळा झालो.

आवाजापासून सुरुवात

टर्बो गाडीत नुसतं मागचं मफलर बदलून पॉवर जवळपास काहीच वाढत नाही, वाढतो तो आवाज. गावात दोन दिवस मजा येते, पण समृद्धी महामार्गावर १०० च्या वर एकाच स्पीडने तास-दीड तास चालवा, तो घुमणारा आवाज डोक्यात बसतो. आई मागं बसली होती, म्हणे "बाबू, कारचे पैसे देऊन ट्रॅक्टर कायले आणला?" आणि पोळ्याच्या दिवशी बैल बुजले तर गाव कसं बोलते ते मी ऐकून आहे.

काही जण त्याहून पुढं जाऊन धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात. त्याच्यामागचा ऑक्सिजन सेन्सर ते लगेच पकडतो, चेक इंजिन लाईट लागते, पीयूसीची बोंब वेगळी. कायद्याचंही ऐका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ बनावटीत मनाने बदल करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाल्याला सांगितलं नसेल तर क्लेमच्या वेळी तोही हात वर करतो.

कॉटनचा फिल्टर, तोही कापसाच्या गावात

तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टर हवा जास्त घेतो म्हणतात. घेत असेल, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर त्याच्यापेक्षा सरस आहे, आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत थ्रेशरजवळून, पांदणीतून गाडी गेली की त्या हवेत काय-काय असते ते कास्तकाराला सांगायची गरज नाही. वरून धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ज्या गाड्यांत इंजिनात जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो तिथं ते त्याच्यावर जाऊन बसते, मंग आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, हलते, पिकअप मरते, आणि आपण इंजेक्टर साफ करत बसतो. फिल्टर बदलल्यावर असं झालं तर आधी तो सेन्सर त्याच्याच क्लीनरने साफ करा आणि जुना कागदी फिल्टर परत लावा. हिवाळ्यात मी तो महिन्यातून एकदा काढून पाहतो, बस.

मोठे अलॉय

माझी सगळ्यात महाग चूक हीच. माझ्या गाडीत १८५/६० आर १५ टायर होते, म्हणजे रुंदी १८५ मिमी, भिंत तिच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी, अन् रिम १५ इंची. मी १७ इंची अलॉयवर २०५/४५ घातले, भिंत राहिली ९२. हा १९ मिमीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पण आपले रस्ते काळ्या मातीवर आहेत, ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, म्हणून डांबर वर-खाली लाटा मारते, आणि गावोगावचे ब्रेकर बिना रंगाचे. दिग्रसच्या पुढं रात्री एका खड्ड्यात रिमची कड वाकली आणि टायरला फोड आला.

त्याआधीही त्रास होताच, ९०-१०० ला स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, उपयोग नाही. शेवटी कळलं की पोलोचा हब बोअर, म्हणजे चाक जिथं मधोमध बसते त्याचं माप, ५७.१ मिमी आणि अलॉयचं मधलं भोक मोठं, मधली रिंग दुकानदाराने दिलीच नव्हती. बोल्टही चुकीचे, कंपनीच्या बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बहुतेक अलॉयला शंकूच्या बैठकीचे लागतात. बैठक जुळली नाही तर बोल्ट ढिले होतात, इथं हयगय नको. बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल तर आधी हेच दोन तपासा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर मात्र डिस्ककडं पाहा.

पेट्रोल न पाहता रिमॅप

रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलणं, वाईट नाही, पॉवरसाठी खरा फरक तोच करतो. पण ट्यूनरने "कोणतं पेट्रोल टाकता?" विचारलं तर खरं सांगा. मी ऐटीत ९५ ऑक्टेनवालं सांगितलं, ते तेव्हा मिळायचं जिल्ह्याच्या गावी, तालुक्याच्या पंपावर साधंच. मे महिन्यात ४५ डिग्रीत टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरही तापलेला, त्यात कमी ऑक्टेन, मंग नॉक होते, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटते, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि पैसे देऊन वाढवलेली पॉवर दुपारी गायब होते. गाडी सकाळी वाघ अन् दुपारी म्हैस वाटत असेल तर टर्बोला शिव्या देऊ नका, पेट्रोल पाहा.

गिअरबॉक्सचीही मर्यादा असते. हा कोरड्या क्लचचा सात गिअरवाला डीएसजी २५० एनएम टॉर्कपर्यंतचा आहे. माझ्या गाडीचा मूळ टॉर्क १७५, म्हणजे थोडी जागा होती. पण फोक्सवॅगनच्याच व्हर्टस जीटीचं १.५ इंजिन मुळातच २५० देते, तिथं रिमॅप म्हणजे क्लचच्या जीवावर उदार होणं. वॉरंटी असेल तर तीही विसरा.

बाकी थोडक्यात. रिफ्लेक्टरच्या हेडलाईटमधे नुसता एलईडी बल्ब कोंबला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रोही (नीलगाय) दिसायचा तो दिसत नाहीच. काचेवरची काळी फिल्म २०१२ पासून बंद आहे. पुढचा गार्ड तर फास्ट गाडीला लावूच नका, धडकेत एअरबॅगचं गणित बिघडते. आणि गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा विचार असेल तर आधी घरची पाच माणसं बसवून गावच्या ब्रेकरवरून एक चक्कर मारून या.

मंग पहिले काय करावं?

दोन-तीन हजार किलोमीटर काहीच नाही. गाडी सेकंडहँड असेल तर टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा, ३११९ म्हणजे २०१९ चा ३१ वा आठवडा. टायरची नक्षी कितीही दिसो, उन्हात कडक झालेले जुने टायर घालून समृद्धीच्या तापलेल्या सिमेंटवर १२० ने जाऊ नका, आणि हवा टायर थंड असतानाच भरा. मी आता १५ इंची जुन्याच रिमवर १९५/६० घातले, भिंत ११७ मिमी.

दुसरं ब्रेक. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा पिते, नवीन डॉट ४ दर्जाचं फ्लुइड किमान २३० डिग्रीला उकळते आणि ओलं झालेलं १५५ ला सुद्धा उकळू शकते, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. सोबत चांगले पॅड आणि अलाइनमेंट. हे फोटोत दिसत नाही म्हणून कोणी करत नाही, पण रात्री दारव्हा रोडवर कापसाची बैलगाडी बिना दिव्याची समोर आली तेव्हा गाडी जिथं थांबली तिथं ती यांच्यामुळंच थांबली.

ते १७ इंची अलॉय अजून माळ्यावर आहेत, तीन बरे अन् एक वाकडा. चुलतभाऊ भाव विचारून गेला, त्याची नवीन आय ट्वेंटी एन लाईन बुक आहे. मी सांगितलं, तुझ्या गाडीला चार बोल्ट अन् याले पाच भोकं, बसतच नाहीत. बसत असते तरी दिले नसते.