गेम इंजिन निवडताना या चुका टाळा

साताऱ्यात हौसेनं गेम करणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कोणतं घेऊ, गोडो, युनिटी की अनरिअल? मी आधी विचारतो, लॅपटॉप कोणता आहे, आणि गेममध्ये मराठी अक्षरं दिसणार आहेत का?

अक्षरांचा प्रश्न मला फार उशिरा सुचला. गेम अजिंक्यताऱ्यावरचा होता. चार महिने खपून तटबंदी, बुरूज, उड्या सगळं जमवलं आणि शेवटी पहिल्या पडद्यावर नाव टाकलं. ‘जि’ची वेलांटी ‘ज’च्या आधी दिसायला हवी होती, ती पुढं सरकून ‘क’ला चिकटली. ‘क्य’ फुटला, पाय मोडलेला ‘क’ एकीकडं, ‘य’ एकीकडं. मी दोन दिवस फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. वेलांटी मागं नेणं, जोडाक्षर जुळवणं हे काम इंजिनानं करायचं असतं आणि माझं इंजिन ते करत नव्हतं. गोडोत ही सोय २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून आहे, तिसऱ्यात नव्हती. तेव्हा इंजिन उतरवलं की त्याच दिवशी कोऱ्या पडद्यावर ‘अजिंक्यतारा’, ‘विठ्ठल’, ‘कृष्णा’ लिहून बघा. गेम अर्ध्यावर आला असेल तर शीर्षकं चित्र म्हणून लावा. संवाद भरपूर असतील तर मात्र इंजिन बदललेलंच बरं.

दुसरी चूक, अनरिअलची देखणी दृश्यं पाहून भुलणं. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ते चालवणं म्हणजे छळ आहे, आणि डिस्कवर कित्येक जीबी जागा जाते ती वेगळीच. गोडो दीडशे एमबीच्या आत उतरतं. तेही अडखळलं किंवा खिडकी काळी दिसली, तर नवा प्रकल्प उघडताना ‘कॉम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडा. जुन्या ग्राफिक्ससाठीच तो ठेवलाय.

पैशांची धास्ती हौशी माणसानं घेऊ नये. युनिटीनं २०२३ मध्ये इन्स्टॉलमागं शुल्क जाहीर केलं होतं, ते पुढच्याच वर्षी मागं घेतलं. अनरिअल पाच टक्के मागतं, पण दहा लाख डॉलरच्या कमाईनंतर. गोडो फुकटच आहे.

आणि शिकवणीचा व्हिडिओ कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. त्यात पात्र हलवणाऱ्या घटकाला ‘किनेमॅटिकबॉडी’ म्हणत असतील तर तो गोडो तीनचा. चारमध्ये त्याचं नाव ‘कॅरेक्टरबॉडी’ झालंय, आणि वेग आता पात्र सरकवणाऱ्या ‘मूव्ह अँड स्लाइड’ या आज्ञेच्या कंसात न देता त्या घटकाच्या ‘व्हेलॉसिटी’ या गुणधर्मात आधी भरून ठेवायचा.