नव्या शहरात बिऱ्हाड हलवताना या चुका टाळा

नव्या शहरात जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका एकाच जागी सुरू होतात. शहराची नीट ओळख होण्याआधीच ते मोठे निर्णय घेऊन बसतात आणि मग मागे फिरायला वाट उरत नाही. लांब मुदतीचा भाडेकरार, नवं कोरं फर्निचर, फोटो बघून ठरवलेली मुलांची शाळा, जुन्या शहरातलं विकून टाकलेलं घर. कामावर रुजू व्हायची तारीख डोक्यावर असते, त्यामुळे एखादी तरी गोष्ट मार्गी लागली असं वाटायला हवं असतं, हे खरं आहे. तरी माझं आग्रहाचं सांगणं असं, की पहिल्या सहा महिन्यांतले जेवढे निर्णय बदलता येतील असे ठेवता येतील, तेवढे तसे ठेवा. पुढचं सगळं त्याच धोरणानं लिहिलं आहे. चूक आधीच होऊन गेली असेल तर काय करायचं, तेही जिथल्या तिथे सांगितलं आहे.

सुट्टीत पाहिलेल्या शहरावर विसंबणं

दोन दिवस फिरायला गेलेल्या माणसाला शहराची चांगली बाजू दिसते, कारण तो तिथे कुठेही वेळेवर पोहोचण्याच्या घाईत नसतो. दुरून डोंगर साजरे. तिथे राहायचं असेल तर कामाच्या दिवशी जा. सकाळी ज्या वेळेला घरातून निघावं लागेल त्याच वेळेला त्याच रस्त्यानं प्रवास करून बघा. संध्याकाळी परत या, वाटेत रोजची खरेदी कुठे होईल ते बघा आणि रात्री उशिरा त्याच गल्लीतून चालत जा. दिवे आहेत का, वर्दळ कशी आहे, एकटीनं चालताना काय वाटतं, हे नकाशावर दिसत नाही.

हवामानाची माहिती काढताना वर्षाचं सरासरी तापमान बघून समाधान मानू नका. सरासरीत उन्हाळाही लपतो आणि हिवाळाही. सर्वांत गरम आणि सर्वांत थंड महिन्याचे आकडे वेगवेगळे बघा आणि हवेतल्या आर्द्रतेचा अंदाज घ्या. तापमान तेवढंच असलं तरी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे उकाडा कितीतरी जास्त जाणवतो. घरात कुणाला दमा किंवा सांधेदुखी असेल तर हा मुद्दा यादीत वर घ्या.

पगाराचा आकडा बघून होकार देणं

नव्या नोकरीचा पगार जास्त असेल, पण महिनाअखेर हातात किती उरेल हा खरा प्रश्न आहे. घरभाडं, प्रवास, वीज-पाणी, मुलांची फी, कर आणि घरी भेटायला येण्याजाण्याचा खर्च दोन्ही शहरांसाठी शेजारी शेजारी मांडा. शेवटची ओळ अनेकांनी लिहिलेलीच नसते.

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. हा आकडा आला अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमांतून. 1969 मध्ये तिथल्या भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि 1981 मध्ये ती 30 वर नेली. म्हणजे तो एका देशातल्या एका योजनेचा नियम होता. कामाच्या जागेजवळ 35 टक्के भाडं देऊन प्रवासाचा खर्च जवळपास शून्यावर येत असेल, तर ते लांबच्या 25 टक्क्यांपेक्षा स्वस्त पडू शकतं. भाडं आणि प्रवास यांची बेरीज करूनच तुलना करा.

पहिल्या दोन महिन्यांत खर्चांची गर्दी होते. अनामत रक्कम, आगाऊ भाडं, एजंटची दलाली, सामानाची वाहतूक, घर मिळेपर्यंतचा मुक्काम आणि कधी कधी दोन्ही घरांचं एकाच महिन्याचं भाडं. पहिला पगार मात्र महिना संपल्यावरच येतो. म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा, आणि तो नव्या शहराच्या दरानं मोजावा. एवढी शिल्लक नसेल तर सामान हलवण्याचा आणि सुरुवातीच्या मुक्कामाचा खर्च कंपनी देते का, हे होकार कळवण्याआधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, आणि होकार दिल्यावर ती संधी राहत नाही.

घर न बघता पैसे भरणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

फसवणुकीची पद्धत जवळपास ठरलेली असते. फोटो सुंदर असतात आणि भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी. मालक परगावी किंवा परदेशी असतो, म्हणून घर दाखवता येत नाही. 'आणखी दोघंजण तयार आहेत, आजच टोकन पाठवा' असा तगादा लागतो. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी थांबा. स्वतः जाता येत नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या कुणाला तरी पाठवा, किंवा मालकाला चालू व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा आणि कॅमेरा खिडकीबाहेर, दारावरच्या क्रमांकाकडे, मोरीतल्या नळाकडे वळवायला लावा. खऱ्या मालकाला यात अडचण नसते.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे पहिला महिना तात्पुरत्या जागेत काढणं. महिन्याच्या हिशोबानं मिळणारी खोली, नातेवाइकांचं घर, कंपनीचं अतिथिगृह, काहीही चालेल. तो खर्च जास्त वाटतो, पण चुकीच्या घराचा वर्षभराचा करार त्याच्या कितीतरी पट महाग असतो.

घर बघायला गेल्यावर लोक खोल्या मोजतात आणि रंग बघतात. त्याऐवजी दोन नळ एकदम सुरू करून पाण्याचा दाब बघा. नळाच्या तोटीवर किंवा शॉवरवर पांढरा थर साचला असेल तर पाणी जड आहे. साबणाला फेस कमी येईल आणि गिझर, वॉशिंग मशीन लवकर खराब होतील. भिंतीच्या खालच्या भागात रंगाचे पापुद्रे निघालेत का, कपाटाच्या आत कुबट वास येतो का, ते तपासा. ताजा रंग एकाच भिंतीला दिलेला असेल तर त्यामागे ओल असण्याची शक्यता धरून तसं स्पष्ट विचारा. फोन घेऊन प्रत्येक खोलीत जा, कारण काँक्रीटच्या जाड भिंतींत नेटवर्क कोपऱ्याकोपऱ्यावर बदलतं. घरून काम करणार असाल तर हे आधीच बघितलेलं बरं. पश्चिमेच्या भिंतींवर दुपारचं ऊन पडतं. त्या बाजूची झोपायची खोली संध्याकाळी तापलेली असते, आणि वर गच्चीच असेल तर जास्तच.

जमल्यास एकदा दिवसा आणि एकदा रात्री जा. दुपारी शांत असलेल्या इमारतीखाली रात्री अकराला काय चालतं, ते शेजाऱ्यांना विचारल्यावर लगेच कळतं. शेजारी सहसा खरं सांगतात, त्यांना त्यात काही मिळवायचं नसतं.

करारात मी आधी नोटीस पिरियड आणि मुदतीआधी सोडल्यास काय, ही दोन कलमं वाचते. अनामत रक्कम किती दिवसांत, कोणत्या कपाती करून परत मिळेल, दुरुस्ती कोणाकडे आणि भाडेवाढ कशी, हे नंतर. तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं तरी ते कागदावर किंवा निदान लेखी संदेशात आणा. चावी हातात येईल त्या दिवशी, सामान आत येण्याआधी, सगळ्या खोल्यांचे फोटो आणि मीटरचं रीडिंग टिपून मालकाला पाठवून ठेवा.

घर चुकलंच असेल तर? आधी कराराची प्रत काढून बाहेर पडण्याची अट वाचा. बऱ्याचदा नोटीस देऊन, किंवा आपल्या जागी दुसरा भाडेकरू मिळवून देऊन मार्ग निघतो. मालकाशी भांडण होण्याच्या आत ही बोलणी केलेली चांगली. फसवणूक झाली असेल तर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. पैसे पुढे वळवले जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

'ऑफिस फक्त बारा किलोमीटर' या वाक्यातून काहीच कळत नाही. गर्दीच्या वेळेला दारापासून खुर्चीपर्यंत किती मिनिटं लागतात, तेवढंच मोजा. चालणं, वाट बघणं, गाडी बदलणं, पार्किंग शोधणं हे सगळं त्यात धरा. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडलं होतं, की वाहनं बदलली तरी माणसं रोजच्या प्रवासाला सरासरी सुमारे एक तास देत आली आहेत. अलोइस स्टुत्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरून दाखवलं, की ज्यांचा प्रवास लांब त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. मोठं घर किंवा जास्त पगार यांनी ती कसर भरून निघायला हवी होती, पण ती निघत नव्हती.

मोठ्या घराची सवय लवकर होते आणि प्रवासाचा वैताग मात्र रोज नव्यानं येतो, असं माझं निरीक्षण आहे. दोन घरांत अडलात तर जवळचं लहान घर घ्या. घरात दोघं नोकरी करणारे असतील तर दोघांच्या वेळांची बेरीज करू नका. ज्याचा प्रवास सर्वांत लांब त्याचा आकडा सहन होण्यासारखा आहे का, ते बघा.

सगळंच सामान नेणं

वजनदार जुनं फर्निचर वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर ते तिथेच देऊन टाका. नव्या घराची मापं कळल्याशिवाय नवं फर्निचरही घेऊ नका. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की उचलता उचलत नाही आणि तळ फाटतो.

फ्रीज निदान एक दिवस आधी बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा करून न्यावा आणि उभाच न्यावा. आडवा न्यावा लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून पोहोचल्यावर काही तास उभा ठेवूनच सुरू करा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम आवळून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट असतात. ते वाहतुकीआधी लावायचे आणि सुरू करण्याआधी न विसरता काढायचे. मशीन नव्या घरात जोरात आदळत, सरकत असेल तर आधी हेच तपासा.

कागदपत्रं, दागिने, लॅपटॉप आणि रोजची औषधं ट्रकमध्ये देऊ नका. ट्रकला उशीर होतो हे धरूनच चला.

कागद, फोन नंबर आणि औषधं शेवटच्या दिवसावर ढकलणं

बँक, विमा, ईमेल यांना जोडलेला फोन नंबर बंद करण्याआधी प्रत्येक ठिकाणी नवा नंबर नोंदवा. नाहीतर पासवर्ड बदलायचा संदेश ज्या नंबरवर येतो तोच नंबर हातात नसतो. असं झालंच असेल तर ओळखपत्र घेऊन शाखेत जाण्यावाचून पर्याय नसतो, म्हणून ओळखपत्रांच्या मूळ प्रती बरोबर आणि स्कॅन केलेल्या प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव जागा बदलली की बदलू शकतं. देश बदलत असाल तर मूळ नावही वेगळं असू शकतं; एकाच औषधाला काही देशांत पॅरासिटामॉल आणि काही ठिकाणी असेटामिनोफेन म्हणतात. निदान महिनाभराचा साठा, जुने रिपोर्ट आणि मुलांच्या लसीकरणाची नोंद बरोबर हवी. जवळचा दवाखाना आणि रात्री उघडं असणारं रुग्णालय पहिल्या आठवड्यातच शोधून ठेवा. ताप आल्यावर शोधायला वेळ नसतो.

ओळखी आपोआप होतील असं समजणं

नव्याचे नऊ दिवस संपले की बऱ्याच जणांना एकदम रितं वाटू लागतं आणि शहर निवडण्यातच चूक झाली असं वाटतं. नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांबद्दल लिहिलं. सहा ते अठरा महिने राहिलेले लोक, त्याहून कमी किंवा त्याहून जास्त राहिलेल्यांपेक्षा, कमी रुळलेले आढळले. हे प्रत्येकाच्या बाबतीत घडत नाही हे पुढच्या अभ्यासांत दिसलं, आणि तो बदल देशाचा होता. तरी मधल्या महिन्यांतल्या उदासीवर विसंबून परतीचं तिकीट काढू नये, एवढं त्यावरून नक्की घेता येतं.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नुकतंच ठिकाण बदललेल्या लोकांच्या मैत्रीचा अभ्यास केला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, चांगल्या मैत्रीला सुमारे 90 आणि जिवलग मैत्रीला 200 च्या वर. आठवड्याला दोन तास एखाद्या वर्गात किंवा खेळात गेलात तर 50 तासांना सहा महिने लागतात. म्हणून दर आठवड्याला त्याच माणसांशी गाठ पडेल असं काहीतरी पहिल्या महिन्यातच सुरू करा. सारख्या नव्या कार्यक्रमांना जाण्यात हे तास कुणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत.

आणि घरातलं कुणी एक फक्त सोबत म्हणून आलं असेल, तर त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या. नोकरी असणाऱ्याला पहिल्या दिवशी सहकारी, चहाची सोबत आणि दिवसाचा आराखडा आयता मिळतो. घरी राहणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, वर खोकी सोडणं, गॅसची जोडणी, मुलांची शाळा हे सगळं अंगावर येतं. निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा, की तिथे तिचा किंवा त्याचा दिवस कसा जाईल, पैसे कुणाच्या हातात असतील आणि सहा महिन्यांनी दोघांपैकी एकाला जरी जमलं नाही तर काय करायचं. मुलं मोठी असतील तर त्यांनाही या बोलण्यात घ्या, आणि सहा महिन्यांनंतरची ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.