बालवाडीत हाताला काम कसं द्यावं: चिंचोके, मातीचे बैल आणि पावसाची बाटली

जूनच्या सुरुवातीला बेळगावकडच्या कुठल्याही बालवाडीत जा. एखादं पोर दाराची कडी धरून रडत असतं, एखादं दप्तर पोटाशी धरून गप्प बसलेलं असतं. घरी मराठी बोलणारी मुलं असतात, कन्नड बोलणारी असतात, आणि आईशी एक, आजीशी दुसरी भाषा बोलणारीही असतात. पहिल्या दिवशी पाटी-पेन्सिल पुढं केली तर यातली निम्मी मुलं मिटून जातात. मातीचा गोळा पुढं ठेवला तर मात्र रडणारं पोरही हात पुढं करतं. मातीला भाषा लागत नाही. बोलणं मग आपोआप येतं, हात कामाला लागले की.

खाली दिलेले खेळ मी वर्गात पुन्हा पुन्हा घेतले आहेत. बाजारातून विकत आणावं असं यात जवळजवळ काहीच नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी या गावी गेल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवायची साधनं उभी केली. आपल्याकडे तर चिंचेची झाडं आहेत, खानापूरची माती आहे, रताळी आहेत आणि पाऊस आहे.

आधी वर्ग मांडून घ्या

तीस मुलं आणि एक बाई असा हिशेब असेल तर सगळ्यांना एकच काम एकाच वेळी देऊ नका. चार कोपरे करा, प्रत्येकात एक चटई आणि एक काम, आणि एका चटईवर सात-आठ मुलं. बाईंनी त्या दिवशी एकाच चटईवर बसायचं, जिथं काम नवीन आहे तिथं. बाकीच्या तीन चटयांवर मुलांना आधीपासून येणारी कामं ठेवायची. वीस मिनिटांनी टाळी वाजवून चटई बदलायची. पहिल्या वर्षी मी सगळं साहित्य एकाच दिवशी मांडलं होतं. दहा मिनिटांत माती चिंचोक्यांत गेली, चिंचोके पाण्यात गेले आणि दोन मुलं रडायला लागली. तेव्हापासून आठवड्याला एकच नवी गोष्ट आणते.

चिंचोक्यांचा खेळ

चिंच फोडायच्या दिवसांत घराघरांत चिंचोके निघतात. पालकांना सांगून ठेवलं तर डबाभर जमतात. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घ्या. त्यातले चपटे, मोठे चिंचोके निवडा आणि खरखरीत दगडावर थोडं पाणी टाकून त्यांची एकच बाजू घासा. वरचं तपकिरी साल जाऊन आत पांढरं दिसलं की झालं. चौकाबारा खेळणाऱ्या आज्यांना हे सांगावं लागत नाही. मराठी घर असो की कन्नड, कवड्या नसल्या की असेच चिंचोके टाकतात. एखाद्या आजीलाच वर्गात बोलवून घासायला बसवा. मुलं तिच्याभोवती गोळा होतील आणि ती आजीही खूश होईल.

आता खेळ असा घ्यायचा:

१. प्रत्येक मुलाला पाच चिंचोके द्या. जास्त नकोत. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला पाच पुष्कळ होतात.

२. ओंजळीत खुळखुळवून चटईवर टाकायला सांगा.

३. पांढरे पडलेले एका करवंटीत, काळे दुसऱ्या करवंटीत. मुलानं स्वतः उचलून टाकायचे.

४. "पांढरे किती? काळे किती?" एवढंच विचारा. "मिळून किती?" हा प्रश्न पहिले काही दिवस विचारू नका.

५. दहा-बारा वेळा टाकून झालं की फळ्यावर खडूनं ठिपके काढा, काळ्या चिंचोक्यांसाठी लाल खडू घ्या. दोन पांढरे तीन लाल, चार पांढरे एक लाल, असं मुलं सांगतील तसं.

काही दिवसांनी एखादं मूल आपणहून म्हणतं, "बाई, कसं बी टाकलं तरी पाचच हायत की!" त्या वाक्याची वाट बघायची. ते तुम्ही आधीच सांगून टाकलंत तर मुलाच्या हातून मोठी गोष्ट निसटते. बेरीज म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं, अधिकचं चिन्ह अजून पाहिलेलंही नसताना.

पुढची पायरी करवंटी पालथी घालायची. पाच चिंचोके दाखवा, मुलाला डोळे मिटायला सांगा, दोन करवंटीखाली लपवा. तीन दिसतात, मग आत किती? काही मुलं बोटांवर मोजतात, काही छताकडे बघतात, काही सरळ करवंटी उचलतात. उचलू द्या. उचलून पाहणारं मूल दोन-तीन आठवड्यांनी न उचलता सांगायला लागतं. पाच पक्के झाले की सहा, मग सात. वर्ष संपेपर्यंत दहापर्यंत आलात तरी खूप झालं.

एक सावधगिरी मात्र काटेकोर पाळा. चार वर्षांखालची मुलं वस्तू तोंडात घालतात आणि चिंचोका घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी तळहाताएवढे नदीतले गोटे किंवा डब्यांची मोठी झाकणं घ्या. मोठ्या मुलांनाही मोजून द्या आणि मोजून परत घ्या. काजूची कच्ची बी खानापूर, चंदगडकडे सहज मिळते, पण ती वर्गात आणू नका. तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं.

मातीचे बैल

आपल्याकडे ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण येतो आणि त्यानंतरच्या अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात. कन्नडमध्ये तिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात, मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. शाळा सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झालेले असतात, म्हणजे मातीकामाला याहून चांगला मुहूर्त नाही. मुलांनी घरी कुणाला तरी बैल करताना पाहिलेलं असतं, त्यामुळे "काय करायचं?" असं कुणी विचारत नाही.

माती कुंभाराकडून मागून आणा. खानापूर भागात कुंभारकाम जुनं आहे, तिकडची माती लोण्यासारखी मळली जाते. तळ्याकाठची चिकणमाती आणत असाल तर वाळवून, फोडून, चाळून घ्या. काच, काटा, खडा राहता कामा नये. रात्रभर भिजवा आणि सकाळी जास्तीचं पाणी ओतून गोणपाटावर पसरा. मळून झाली की पेन्सिलएवढी जाड वळी करून बोटाला गुंडाळून बघा. वळी तडकली तर पाणी कमी आहे, हाताला चिकटली तर अजून थोडी सुकू द्या.

पहिल्याच दिवशी बैल करायला सांगू नका. क्रम असा ठेवा: आधी लिंबाएवढा गोळा, मग दोन तळहातांत लांब साप, मग थापून भाकरी, मग अंगठा दाबून वाटी. प्रत्येकाला एक-दोन दिवस द्या. या चार गोष्टी आल्या की बैलाचे सगळे भाग मुलाच्या हातात आलेले असतात.

बैल करताना बहुतेक मुलं चार काड्यांसारखे पाय करून पोटाला चिकटवतात. बैल बसतो. "बाई, माझा बैल उभाच राहीना की!" हे दरवर्षी ऐकू येतं. लगेच हात घालू नका. "का बसला असेल?" असं विचारा आणि थांबा. कुणी पाय जाड करतं, कुणी पोट लहान करतं, कुणी भिंतीला टेकवून उभा करतं. सगळ्यांचं करून झालं की मग तुम्ही एक दाखवा: अख्ख्या गोळ्यातून चिमटे काढून ओढलेले आखूड पाय. शिंगं आणि वशिंड जोडायची असतील तर दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे पाडून मध्ये पातळ चिखल लावायचा, नाहीतर वाळल्यावर गळून पडतात. बैल सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की तडे जातात.

पालक विचारतात, "बाई, लिहायला कधी शिकवणार?" त्यांची काळजी खरी आहे. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल वही भरून ए-बी-सी-डी लिहीत असतं, त्यांना भीती वाटते आपलं मूल मागं पडेल. त्यांना वर्गात बोलवा आणि स्वतः माती मळायला लावा. पाच मिनिटांत बोटं दुखायला लागतात. मग सांगा, पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात, आणि चार वर्षांच्या बोटांत ते बळ अजून यायचं आहे. मी हे तोंडी कितीतरी वेळा सांगून पाहिलं होतं. माती हातात दिल्यावर पटलं.

थैलीतली वस्तू, दोन नावं

बैलाच्या निमित्तानं वर्गात "बैल" आणि "एत्तु" दोन्ही ऐकू आलेले असतात, तिथूनच हा खेळ सुरू करा. जुन्या कापडाची थैली शिवा आणि आत एकच वस्तू ठेवा. मूल हात घालून चाचपतं, न बघता ओळखतं आणि घरी जे म्हणतात ते नाव सांगतं. मग विचारा, "अजून कुणाच्या घरी वेगळं म्हणतात?" चिंच बाहेर आली तर कुणी "हुणसे" म्हणेल, रताळं आलं तर "गेणसु". केळं निघालं आणि कुणी "बाळेहण्णु" म्हटलं की मराठी मुलं "बाळ? बाळ?" करत हसतात. हसू द्या, पण नाव सांगणाऱ्या मुलाकडं बघून ते नाव तुम्ही स्वतः मोठ्यानं म्हणा. बाईंनी उच्चारलं की त्या मुलाची मान ताठ होते.

कुणाचंही नाव चुकीचं ठरवू नका. कांद्याला कुणाच्या घरी काय म्हणतात यावर बालवाडीत निवाडा लागत नाही. आपल्या भागात भाषेवरून मोठ्या माणसांनी पुष्कळ सोसलं आहे, तो भार साडेचार वर्षांच्या पाठीवर यायला नको असं मला मनापासून वाटतं.

याच थैलीत पुढं वासाच्या पुरचुंड्या घालता येतात: ओवा, लवंग, सुंठ, कापूर. मिरचीपूड नको, आणि कापूर तोंडात जाणार नाही इतका पक्का बांधा.

पावसाची बाटली

लिटरभराची, सरळ अंगाची पारदर्शक बाटली घ्या. वरचा तिसरा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. कापायचं काम बाईंचं, कडेला चिकटपट्टी लावा. तळ वेडावाकडा असतो म्हणून खाली खडे घालून, ते बुडेपर्यंत पाणी ओता आणि त्या पातळीवर लाल रेघ मारा. ही शून्याची रेघ. पागोळ्यांपासून आणि झाडापासून दूर, उघड्यावर, चार विटांच्या मध्ये बाटली उभी करा.

रोज प्रार्थना झाली की दोन मुलं बाटली आणतात. लाल रेघेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत कागदाची पट्टी धरायची, तेवढीच कापायची आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर त्या दिवसाच्या जागी उभी चिकटवायची. मग पाणी पुन्हा लाल रेघेपर्यंत कमी करायचं. पाऊस पडला नाही तर जागा मोकळी सोडून खाली सूर्य काढायचा.

महिन्याभरात भिंतीवर लांब-आखूड पट्ट्यांची रांग उभी राहते. "सगळ्यात उंच कुठली?" "त्या दिवशी आपण घरी कसं गेलो?" असं विचारलं की मुलं बोलायला लागतात. ओढ्याला पाणी आलं होतं, आजोबा खांद्यावर घेऊन गेले होते, वीज गेली होती. आकडा एकही न लिहिता मुलं पाऊस वाचत असतात. जांबोटी-कणकुंबीकडं बाटली एका रात्रीत काठोकाठ भरू शकते, तिथं दिवसातून दोनदा बघा. अथणीकडं पाऊस कमी, तिथं हाच खेळ सावलीवर घ्या: अंगणात काठी रोवून सकाळी आणि सुट्टीच्या वेळी सावलीएवढी सुतळी कापायची.

रताळ्याचा वेल

हे काम बाईंना फारसा वेळ मागत नाही. कोंब फुटू लागलेलं रताळं काचेच्या बरणीत अर्धं बुडेल असं काड्यांवर टेकवा, खिडकीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. आधी मुळं दिसतात, मग पानं. रोज एका मुलानं पानं मोजायची. वेल वीतभर झाला की तोडून अंगणात लावा. ज्यांच्या शेतात रताळी आहेत ती मुलं लावायची कशी ते तुम्हालाच शिकवतील.

आवराआवर

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी थांबा आणि आवरायचं काम मुलांनाच द्या. पांढरे-काळे चिंचोके, गोटे, झाकणं वेगवेगळ्या डब्यांत टाकणं हाही वर्गीकरणाचाच खेळ आहे. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवा, आठवडाभर मऊ राहते. पावसाळ्यात चिंचोक्यांना बुरशी येते आणि भुंगेही लागतात, म्हणून ऊन पडलेल्या पहिल्या दिवशी सगळे डबे अंगणात उपडे करून पसरा आणि परत भरताना मोजून घ्या.